अंगठ्याखालची

१

मोजणीघरातला दिवस स्पंज भिजवण्यापासून सुरू व्हायचा. प्रत्येकीच्या टेबलावर प्लॅस्टिकची वाटी, वाटीत ओला स्पंज, आणि त्यावर बोट टेकवत टेकवत दिवसभर नोटा मोजायच्या. दुकानांचे गल्ले, बसच्या तिकिटांचे पैसे, पार्किंगची चिल्लर, सगळं शहरभरातून पोत्यांनी आणि पेट्यांनी या तळघरात यायचं, मोजलं जायचं आणि बंडलं होऊन बँकेत जायचं. खिडकी म्हणून एक जाळी होती, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या.

वहिनी इथे काम करायची. खरं तर ती एकीचीच वहिनी होती. पण ती एकटी नणंद शेजारच्याच टेबलावर बसून दिवसभर "वहिनी, वहिनी" असा घोष लावायची, त्यामुळे साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी तिला वहिनी करून टाकलं. मग वहिनीनेही उट्टं काढलं. भर हॉलमध्ये ती नणंदेला "अहो वन्सं" अशी हाक मारू लागली, आणि चार दिवसांत नणंदही सगळ्यांची वन्सं झाली. वन्सं वयाने धाकटी, पण नोकरीत थोरली. भाऊ गेला तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या वहिनीला तिनेच दंडाला धरून इथे आणलं आणि मोजायला शिकवलं. आता घरात या दोघीच. एकमेकींवाचून दोघींचं पान हलत नव्हतं, आणि एकमेकींशी क्षणभर पटतही नव्हतं.

वन्संची शिकवण सोपी होती. गड्डी आधी सुलटी मोजायची, मग फिरवून उलटी. दोन्ही आकडे जुळले तरच रबर चढवायचं. नवख्या हातांची एक चूक ठरलेली असे. गड्डी डाव्या अंगठ्याने दाबून धरलेली असते. शेवटची नोट त्या अंगठ्याखालीच राहते आणि मोजायची सुटते. शंभराच्या नव्याण्णव होतात. वहिनीच्या पहिल्याच गड्डीला हे झालं तेव्हा वन्संने कपाळावर हात मारला होता. "आणि अंगठ्याखालची कोण मोजणार, मी?"

हे वाक्य मग अख्ख्या हॉलचं झालं. छत्री सापडेना, डब्याचं झाकण सापडेना, की कोणीतरी म्हणायचंच, "अंगठ्याखाली बघ."

चुकीचा आकडा कानावर पडला की वन्संचं डोकं फिरायचं. घरी धुण्याचे कपडे मोजताना वहिनी मुद्दाम एक गाळायची, आणि न्हाणीघरातून डोक्याला साबण लावलेली वन्सं ओरडायची. एकदा तर तिने झोपेत चूक काढली होती, आणि सकाळी ते कबूल करायला साफ नकार दिला होता.

२

नवं मशीन आलं ते दुपारी. कपाटाएवढं, राखाडी, पुढे नोटांचं तोंड, बाजूला नाण्यांचं, आणि खाली फाटक्या-संशयित नोटा पडायला रिजेक्टचा कप्पा. साहेबांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज आलं होतं. "आता हातमोज्यांचे दिवस संपले," ते म्हणाले आणि आपल्याच कोटीवर पोटभर हसले. साहेब मनाने वाईट नव्हते, विनोदाने होते.

तेव्हा हॉलमध्ये कामाला पाच माणसं होती. साहेब. वहिनी आणि वन्सं. कोपऱ्यात नाण्यांच्या टेबलापाशी चिल्लरकाकू, जिची बोटं नाणी निवडून निवडून काळी पडली होती आणि जिच्या टॉवेलचा मूळ रंग कोणालाच ठाऊक नव्हता. आणि दाराजवळ रेडिओ. ही बाई सकाळी गुणगुणायला लागली की घरी जाईपर्यंत थांबत नसे, म्हणून रेडिओ.

मेकॅनिकने बटण दाबलं. आतून फरफर झाली आणि आकड्यांच्या काचेवर हिरवा ५ उमटला.

"शून्य यायला पाहिजे," मेकॅनिक म्हणाला. त्याने बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा ५.

"आपल्यालाच मोजलं त्याने," रेडिओ म्हणाली, आणि सगळे हसले. काकू तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

मेकॅनिकने डोकं खाजवलं. सुरुवातीची चाचणी असेल, मोजणीत फरक पडणार नाही, असं म्हणून त्याने कागदावर सही घेतली. फरक खरोखरच पडला नाही. मशीनने नोटांत कधी चूक केली नाही. वहिनीला ते पहिल्यापासून आवडलं नाही हे खरं, पण पोटावर पाय देणारी वस्तू कोणाला आवडते? तिने स्वतःची तशी समजूत घातली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जाईना. ती फरफर. कोरड्या रबरी चाकांवरून नोट गेली की कोरडा आवाज येतो. हा आवाज ओला होता. स्पंजाला बोट लावून मोजल्यासारखा.

३

मग एका सकाळी काचेवर ४ आला.

"आज कोण सुट्टीवर?" साहेबांनी विचारलं. कोणीच नव्हतं. पाचही जण हजर होते.

"अंगठ्याखाली बघा," काकू म्हणाली. पुन्हा हशा.

अकराचा चहा आला तो चार कप. चहावाला वर्षानुवर्षं न विचारता पाच ठेवायचा. काकूने रिकाम्या हाताकडे पाहून तोंड वाकडं केलं. "बघा, आमची खिजगणतीच नाही." वहिनीने आपला अर्धा चहा तिला दिला.

दुसऱ्या दिवशीही चारच कप आले. साहेब रोजची नाणी काकूच्या टेबलावर न ठेवता थेट मशीनमध्ये ओतू लागले. काकू बोलायची आणि उत्तर यायचं नाही. आधी वहिनीला वाटलं, कामाचा रेटा आहे. पण काकू जास्तच बोलू लागली. एरवी शब्द मोजून बोलणारी बाई नातवाचे दात, जिन्याचा दिवा, गुडघ्याचं तेल, काहीबाही सांगत सुटायची, एकीकडून दुसरीकडे तोंड वळवत, जणू कोणीतरी हुं म्हणेल म्हणून. वहिनी हुं म्हणायची. पण तिलाही तसं म्हणायला मुद्दाम लक्षात ठेवावं लागत होतं, आणि ते जाणवल्यावर ती आणखी मोठ्याने हुं म्हणू लागली.

मग एके दिवशी काकूचं स्टूल रिकामं होतं.

"काकू कुठे?" वहिनीने विचारलं.

"कोण काकू?" रेडिओ गुणगुणणं न थांबवता म्हणाली.

"चिल्लरकाकू."

"चिल्लर मशीन मोजतं ना," साहेब म्हणाले.

वहिनी वन्संकडे वळली. वन्सं आणि काकू वर्षानुवर्षं एका डब्यात जेवल्या होत्या. वन्संच्या भुवया क्षणभर जवळ आल्या, दाताच्या फटीत काही अडकल्यासारख्या, आणि मग तिचा चेहरा मोकळा झाला. "वहिनी, सकाळी सकाळी काय हे? गड्डी घे."

वहिनीने काकूच्या घरी फोन केला. काकूच्या मुलाने उचलला. नीट बोलला, तेही शांतपणे. चुकीचा नंबर लागलाय म्हणाला, आमच्याकडे आई अशी कोणी नाही.

भिंतीवरच्या खिळ्याला तो टॉवेल मात्र लटकत होता. वहिनीने तो हुंगला. नाण्यांचा वास, आंबट, लोखंडी. हा वास आपल्या डोक्यातून आलेला नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं आणि टॉवेल पर्समध्ये कोंबला.

४

त्यानंतर ती रोज सकाळी देवासमोर नाही इतक्या भक्तीने त्या काचेसमोर उभी राहायची. ४. ४. ४. वन्सं शेजारी असायची आणि वहिनीचा जीव भांड्यात पडायचा. तिला भीती फक्त वन्संची होती. नवरा गेला तेव्हा निदान लोक भेटायला आले, चार शब्द बोलले. वन्सं अशी गेली तर दुःख करायलाही कोणी ओळखणार नाही. आणि स्वतः वहिनीला तरी आठवेल का? काकूचं नाक कसं होतं हे तिला आत्ताच नीट आठवत नव्हतं.

मग आला ३.

चहावाल्याने कडेच्या टेबलावर तीन कप ठेवले. साहेबांनी एक उचलला, रेडिओने दुसरा. वन्सं गड्डी उलटी मोजत होती, तिने मान वर केली नाही. वहिनीने तिसऱ्या कपावर झडप घातली आणि तो वन्संच्या समोर ठेवला. "घ्या. प्या आधी." वन्संने कप ओढला आणि प्यायली. वहिनी चहाशिवाय राहिली. त्याची तिला पर्वा नव्हती.

"वन्सं, घाबरू नका," ती म्हणाली. "मी आहे ना."

वन्संने पुढची गड्डी ओढली.

घरी जाताना बसमध्ये कंडक्टरने दोघींत मिळून एकच तिकीट फाडलं. वहिनीने त्याला चांगलं फैलावर घेतलं. ही बाई दिसत नाही का तुम्हाला, डोळे तपासून घ्या. कंडक्टर पुढे निघून गेला. वन्सं खिडकीबाहेर बघत होती. अख्ख्या रस्त्यात वहिनी बोलत राहिली. मशीनबद्दल, काकूबद्दल, घर बदलण्याबद्दल, नवऱ्याच्या जुन्या स्कूटरबद्दल. वन्संने हुं की चूं केलं नाही. वहिनीला रडू फुटायच्या बेतात होतं. किती दूर गेली आहे ही, तिला वाटलं, आपला आवाजही पोचत नाही तिच्यापर्यंत.

रात्री वन्संने स्वतःपुरतंच पान घेतलं, जेवली, भांडं घासलं आणि झोपली. वहिनीला भूक नव्हतीच. ती अंधारात बसून वन्संचा श्वास ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचं रडू आटलं, त्याजागी संताप आला. मनापासूनचा, अंग तापवणारा संताप. नवरा नेला तेव्हा तिने मुकाट्याने मान खाली घातली होती. ही नणंद ती कोणालाच देणार नव्हती. एका कपाटाला तर मुळीच नाही.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाजूच्या डब्याच्या खोलीत गेले. वहिनी मागे थांबली.

हॉलमध्ये आता ट्यूबलाइटची घुं-घुं तेवढी होती. वहिनीने मशीनचा प्लग खेचून काढला. काचेवरचा ३ गेला नाही.

"असं काय," ती म्हणाली. तिने आवाज खणखणीत केला. "नोटा तू मोज. माणसं मी मोजते. साहेब एक. रेडिओ दोन. वन्सं तीन. कळलं? तीन. वन्संसकट..."

ती थांबली. वन्संसकट तीन झाले होते. मशीनचाही आकडा तीनच होता.

मग तक्रार कसली? तिचं डोकं चालेना. तिने पुन्हा मोजलं. तीनच. आकडा जुळतोय म्हणजे वन्सं सुखरूप आहे. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मानेवरचे केस उभे राहिले.

आत फरफर सुरू झाली. प्लग तिच्या हातात होता.

आवाज रिजेक्टच्या कप्प्यातून येत होता. वहिनी खाली वाकली. कप्प्यात काळोख होता, दिसायला हवा होता त्यापेक्षा खोल. तिथून नाण्यांचा आंबट वास आला. ती घाबरली नव्हती असं नाही. पण संतापाला थोडं पुढे राहू दिलं की भीती मागून येते, आणि तेवढ्या वेळात तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

आत जागा होती. हात कशालाच लागला नाही.

मग काहीतरी तिच्या करंगळीला लागलं. ओलं, मऊ, थंड. बोटाचं टोक. स्पंजावर टेकवून आणलेलं बोटाचं टोक. ते करंगळीवरून उचललं गेलं आणि तिच्या अनामिकेवर टेकलं. मग मधल्या बोटावर. मग तर्जनीवर. सरावाच्या हाताने मोजतात तसं, घाई नाही, चूक नाही.

आणि मग थांबलं.

वहिनी वाट बघत राहिली. अंगठ्याला काहीच लागलं नाही. अंगठा मोजायचा राहिला.

तेव्हा तिला सगळं एकदम कळलं. तीन कप. एक तिकीट. वन्संचं एकटीचं पान. जास्त बोलू लागलेली काकू, आणि कालपासून जास्त बोलणारी ती स्वतः. दूर वन्सं गेली नव्हती. साहेब एक, रेडिओ दोन, वन्सं तीन, आणि गड्डी हातात धरून उभी असलेली बाई नवख्या पोरीसारखी स्वतःला धरायला विसरली होती.

तिने हात ओढून काढला. बोटं ओली होती आणि टोकांना काळी.

६

डब्याच्या खोलीत तिघे जेवत होते. तिची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर साहेबांची पिशवी होती.

"वन्सं!" वहिनी ओरडली. रेडिओ गुणगुणत राहिली. वहिनीने टेबलावर हात आपटला. भांडी वाजायला हवी होती, पण नाही वाजली. तिने वन्संचा खांदा धरला, आणि वन्संने माशी हाकलावी तसा हात फिरवला.

त्या क्षणी जमिनीवर बसून भोकाड पसरावं असं तिला वाटलं. काकूने असंच केलं असेल का कुठेतरी, या खोलीत, सगळ्यांच्या देखत? या विचाराने तिचं पित्त खवळलं. नाही. रडायचं नाही. हाक मारून ही बाई कधी ओ देत नाही, वहिनी सगळ्यांना दिसत होती तेव्हाही देत नव्हती. ही फक्त एका गोष्टीला ओ देते.

वहिनी वन्संच्या कानाशी वाकली आणि मोजू लागली.

"साहेब एक. रेडिओ दोन. वन्सं तीन. झाले. तीनच."

वन्सं घास चावत होती.

"साहेब एक. रेडिओ दोन. वन्सं तीन. चला, लावा रबर."

वन्संचं चावणं मंदावलं. नाकपुडी हलली. वहिनीला ती नाकपुडी चांगली ठाऊक होती. धुण्याच्या कपड्यांपासून संसारातल्या प्रत्येक भांडणाची सुरुवात तिथूनच व्हायची.

"किती माणसं? तीन," वहिनी आणखी मोठ्याने, आणखी बावळटपणे म्हणाली. "मी मोजली आहेत ना, माझी मोजणी कधी चुकत नाही, मोजणारी मी स्वतः आहे, तीन म्हणजे तीन..."

"आणि अंगठ्याखालची कोण मोजणार, मी?" वन्सं खेकसली.

खोली गप्प झाली. रेडिओसुद्धा. वन्संचा घास हातातच राहिला. तिने हळूहळू मान वळवली, आणि तिची नजर आधी वहिनीच्या आरपार गेली, मग परत आली, मग थांबली.

"चार," वन्सं म्हणाली. "चार होतात, बावळट. तू राहिलीस. वहिनी... तू कालपासून कुठे होतीस गं?"

वहिनीने तिला घट्ट मिठी मारली आणि दोघी एकाच वेळी रडू लागल्या. साहेब खुर्चीवरची आपली पिशवी उचलून नुसतेच उभे राहिले. पिशवी तिथे का ठेवली होती ते त्यांना आठवत नव्हतं.

७

हॉलमधून फरफर ऐकू आली. मग बंद झाली. काचेवर काय आकडा असेल हे कोणी बघायला गेलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

"बसू दे ते मशीन तिथे," वन्सं डोळे पुसत म्हणाली. "आपण आत्ताच्या आत्ता घरी जायचं. चार आहोत, चारही जण बाहेर पडू."

साहेबांनी मान डोलावली. रेडिओने पर्स उचलली. वहिनीने मात्र आपली पर्स उघडली आणि तो टॉवेल काढून टेबलावर ठेवला.

"चार नाही, वन्सं."

वन्सं टॉवेलकडे बघत राहिली. तिच्या भुवया जवळ आल्या, तशाच, काही अडकल्यासारख्या. या वेळी तिने ते सोडून दिलं नाही. टॉवेल नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरला.

"ती गुडघ्याला तेल लावायची," वन्सं हळूच म्हणाली. "माझ्या डब्यातलं लोणचं आधी संपवायची. वहिनी, नाव काय होतं गं तिचं?"

"नाव नंतर. आधी मोजायची आहे."

दोघी हॉलमध्ये आल्या. साहेब आणि रेडिओ दारात थांबले. त्यांच्याकडून तेवढंच होणार होतं, आणि तेवढंही पुष्कळ होतं. प्लग जमिनीवर पडलेला होता आणि काच हिरवी उजळलेली होती. वहिनीने बाही वर केली.

"तो कोणाचा हात होता, तिचा की दुसऱ्याच कोणाचा, मला माहीत नाही," ती म्हणाली. "काहीही लागलं तरी मी ओढणार आहे. तुम्ही मोठ्याने मोजा. आणि माझ्यापासून सुरू करा, मला गाळू नका."

"मला शिकवतेस?" वन्सं म्हणाली, आणि तिने वहिनीचा दुसरा हात दोन्ही हातांनी पकडला. "वहिनी एक. मी दोन. रेडिओ तीन. साहेब चार..."

वहिनीने कप्प्यात हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. काळोख थंड होता. करंगळीला ओलं बोट लागलं. अनामिकेला लागलं. मधल्या बोटाला. तर्जनीला. थांबलं. तिने अंगठा ताठ केला आणि पुढे केला, जितका जाईल तितका.

"काकू," ती आत बघून ओरडली, "इथे आहे! धरा!"

बराच वेळ काही झालं नाही. मग एक खरखरीत, म्हातारी, ओली मूठ तिच्या अंगठ्याभोवती बसली. आणि त्या मुठीच्या मागून, आणखी खोलातून, दुसरीही कोणाची तरी बोटं त्या मुठीला येऊन चिकटली. मग तिसरी. मग कितीतरी.

काचेवरचा आकडा पळू लागला. वन्संचा आवाज अडखळला. "वहिनी, हे किती..."

"थांबू नका," वहिनी म्हणाली आणि दोन्ही पाय मशीनला रोवून मागे रेलली. "मोजत राहा. सगळ्यांना मोजा. सुलटं झालं की उलटं."